माइल्सवरचं निम्म्या दरातलं विमान तिकीट : कोल्हापुरात ओळखीतून मिळणाऱ्या एका सेवेची पारख

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या आणि लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ही ऑफर वर्षभर फिरत असते. मुंबई–शिकागो, जाऊन-येऊन, बिझनेस क्लास, बाजारभावाच्या निम्म्या दरात. तिकीट थेट विमान कंपनीचं. पासपोर्टचा फोटो पाठवा, पैसे आधी भरा, दोन तासांत पीएनआर हातात. स्टेशन रोड, शाहूपुरी, राजारामपुरीतल्या रीतसर ऑफिसांच्या काउंटरवर हा माल मांडलेला नसतो. तो ओळखीतून येतो, ‘एक माणूस आहे, तो करून देईल’ या वाटेनं.

आधी दर्जा सांगून टाकू. किंमत: खरोखर कमी. तिकीट हातात पडण्याचा वेग: चांगला. तारीख बदलण्याची सोय: प्रवाशाच्या हातात काहीच नाही. रद्द केल्यास परतावा: प्रवाशाला नाही. बिल: नाही. विमानतळावर काही अडलं तर आधार: विकणाऱ्याचा एक मोबाइल नंबर, तोही चालू असला तर. आमचं मत स्पष्ट आहे, हे तिकीट घेऊ नये. पण ‘फसवणूक असते’ एवढं म्हणून भागत नाही, कारण यातली बरीच तिकिटं खरी असतात आणि बरेच प्रवासी त्यावर जाऊनही येतात. म्हणूनच माणसं फसतात. तिकीट खरं असतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या माइल्सवर, म्हणजे विमान कंपनीनं त्याला दिलेल्या बक्षीस पॉइंट्सवर, काढलेलं असतं. त्याची मालकी मात्र तुमची नसते. सगळा घोळ इथं आहे.

हा माल बनतो कसा, ते पाहू. विमान कंपन्या नेहमीच्या प्रवाशांना माइल्स किंवा पॉइंट्स देतात. एअर इंडियाची अशी योजना पूर्वी ‘फ्लाइंग रिटर्न्स’ या नावाची होती, २०२५ पासून ती ‘महाराजा क्लब’ झाली. सिंगापूर एअरलाइन्सची क्रिसफ्लायर, एमिरेट्सची स्कायवॉर्ड्स, युनायटेडची माइलेजप्लस, लुफ्तान्साची माइल्स अँड मोअर. हे माइल्स प्रवासातून जमतात, क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्समधून वळवता येतात, आणि काही कंपन्या ते पैसे घेऊन थेट विकतातही. जमलेल्या माइल्सवर जे तिकीट निघतं त्याला अॅवॉर्ड तिकीट म्हणतात. मूळ भाडं माइल्समधून वळतं, कर आणि अधिभार रोखीनं किंवा कार्डानं भरावे लागतात. कंपन्यांच्या एकमेकींशी युती असल्यानं एका कंपनीच्या माइल्सवर दुसरीच्या विमानात बसता येतं. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, लुफ्तान्सा, युनायटेड आणि सिंगापूरही त्याच गटात आहेत.

आता ज्याच्या खात्यात लाखो माइल्स पडून आहेत आणि प्रवास करायचा नाही, तो ते दलालाला विकतो. दलाल त्या खात्यातून तुमच्या नावानं तिकीट काढतो. हिशेब समजावा म्हणून गोल आकडे घेऊ. एका बाजूच्या बिझनेस सीटला ७०,००० माइल्स आणि २५,००० रुपये कर लागतो असं धरा. खातेदाराला एका माइलमागे ८० पैसे मिळाले, म्हणजे ५६,००० रुपये. दलालानं स्वतःचे २०,००० चढवले. तुम्हाला सीट पडली १,०१,००० ला. बाजारात तीच १,७५,००० ला असेल तर ७४,००० वाचले. दोघं नवराबायको जाऊन-येऊन निघाले तर चार सीटांमागे जवळपास तीन लाख. एवढ्या रकमेचा मोह कुणालाही पडेल, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण ज्या माइल्सवर हे उभं आहे, ते कंपनीच्या लेखी खातेदाराच्याही मालकीचे नसतात. जवळजवळ प्रत्येक योजनेच्या नियमांत लिहिलेलं असतं की माइल्स किंवा त्यावरचं तिकीट विकता येणार नाही, विकत घेता येणार नाही, कशाच्या बदल्यात देता येणार नाही. विक्री उघडकीला आली तर खातं बंद, उरलेले माइल्स जप्त आणि निघालेली तिकिटंही रद्द. ती कुणाच्या नावावर आहेत, प्रवाशानं किती पैसे मोजले, याच्याशी कंपनीला देणंघेणं नसतं. अमेरिकेत हा वाद जुना आहे. युटामधल्या अशाच दलालांविरुद्ध अमेरिकन एअरलाइन्स कोर्टात गेली आणि १९९२ मध्ये दहाव्या सर्किटच्या, म्हणजे युटा ज्या विभागात येतं तिथल्या, अपील न्यायालयानं निकाल कंपनीच्या बाजूनं दिला. खातं बंद करण्याच्या अधिकारावरून नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचा एक खटला पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, तिथेही २०१४ मध्ये कंपनीच जिंकली.

भेट देणं आणि विकणं यातला फरक इथं नीट समजून घ्यायला हवा. शिकागोतल्या मुलानं स्वतःच्या माइल्सवर कोल्हापुरातल्या आईचं तिकीट काढलं तर ते पूर्ण नियमात बसतं. अनोळखी माणसाच्या माइल्सवर पैसे देऊन काढलेलं तिकीट बसत नाही. कागदावर दोन्ही तिकिटं अगदी सारखीच दिसतात. म्हणून दलाल एक गोष्ट आवर्जून पढवून ठेवतो: ‘काउंटरवर विचारलं तर चुलतभावानं काढलं म्हणून सांगा.’ असं वाक्य कुणी तुमच्या तोंडात घालत असेल, तर तिकीट कसलं आहे हे विचारायची गरज उरत नाही.

हातात आलेलं तिकीट कसं वाचायचं

दलाल बहुतेक वेळा पीडीएफ पाठवतो आणि त्यातला भाड्याचा रकाना पुसलेला किंवा बदललेला असतो. म्हणून पीडीएफवर विसंबू नका. विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर ‘मॅनेज बुकिंग’मध्ये सहा अक्षरांचा पीएनआर आणि आडनाव टाका. पीएनआर उघडला म्हणजे तिकीट पक्कं, हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. पीएनआर म्हणजे नुसती जागेची नोंद. तिकीट म्हणजे १३ आकडी ई-तिकीट क्रमांक, तो वेगळा. जागा राखून ठेवलेली आहे पण तिकीट निघालेलंच नाही, किंवा तिकीट रद्द झालंय आणि पीएनआर अजून दिसतोय, असं दोन्ही घडतं. कंपनीला फोन करून १३ आकडी क्रमांक सांगा आणि प्रत्येक टप्प्याच्या कूपनची, म्हणजे तिकिटातल्या त्या टप्प्याच्या भागाची, स्थिती विचारा. ‘ओपन’ असेल तर वापरता येतं. ‘रिफंडेड’, ‘व्हॉइड’ किंवा ‘सस्पेंडेड’ असेल तर बॅगा भरू नका.

त्या १३ आकड्यांतले पहिले तीन फार बोलके असतात, कारण ते तिकीट कुठल्या कंपनीनं काढलं हे सांगतात. ०९८ एअर इंडिया, २२० लुफ्तान्सा, ६१८ सिंगापूर, १७६ एमिरेट्स, १५७ कतार, ६०७ एतिहाद, ०१६ युनायटेड, ०१४ एअर कॅनडा, २३५ टर्किश, १३४ एव्हियांका. समजा, मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो सगळा प्रवास लुफ्तान्साच्या विमानानं आहे आणि तिकिटाचा क्रमांक १३४ नं सुरू होतो. एव्हियांका ही कोलंबियाची कंपनी, तिचा या प्रवासात एकही टप्पा नाही. असं तिकीट जवळजवळ नक्की माइल्सचंच. ०१६ असेल तर एवढं ठाम म्हणता येत नाही, कारण युनायटेड आणि लुफ्तान्सा एकमेकांची भाड्याची तिकिटंही विकतात.

दुसरी खूण बुकिंग क्लासची, म्हणजे जागेचा प्रकार सांगणाऱ्या एका अक्षराची. स्टार अलायन्समध्ये भागीदार कंपनीच्या अॅवॉर्ड जागांसाठी इकॉनॉमीला ‘एक्स’, बिझनेसला ‘आय’, फर्स्टला ‘ओ’ ही अक्षरं वापरतात. तिसरी खूण भाड्याच्या रकान्याची: मूळ भाडं शून्य आणि कर मात्र हजारोंत. रकान्यात नुसतं ‘आयटी’ किंवा ‘बीटी’ लिहिलेलं असेल तर मात्र घाईनं निष्कर्ष काढू नका. घाऊक दरानं काढलेल्या प्रामाणिक तिकिटांवरही तसंच छापून येतं.

चौथी गोष्ट सगळ्यात सोपी, तरी कुणी बघत नाही. बुकिंगमध्ये संपर्कासाठी कुणाचा मोबाइल आणि ई-मेल आहे? तिथं तुमचा नसेल तर विमानाची वेळ बदलल्याचा निरोप तुम्हाला येणारच नाही.

आणि तिकीट क्रमांकाचे ते पहिले तीन आकडे नुसते ओळखण्यापुरते नाहीत. तिकीट ज्या कंपनीनं काढलं, बदल करायला तिच्याच दारात जावं लागतं. लुफ्तान्साच्या काउंटरवर तुम्ही १३४ चं तिकीट घेऊन उभे राहिलात तर समोरचा माणूस सौजन्यानं एवढंच सांगेल की ज्यांनी तिकीट काढलं त्यांच्याशी बोला. एव्हियांका सांगेल की खातेदारानं स्वतः फोन करावा. खातेदार कोण हे दलालाला माहीत, आणि दलालाचा फोन रात्री अकरा वाजता बंद.

बिघडतं कुठं

माइल्स चोरीचे असणं, हा सगळ्यात वाईट प्रकार. लोक बँकेच्या खात्याला जपतात, माइल्सच्या खात्याला जपत नाहीत. तोच जुना पासवर्ड दहा ठिकाणी वापरलेला असतो आणि खातं महिनोन्महिने उघडून बघितलेलं नसतं. २०१५ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या हजारो सभासदांच्या खात्यांत असा शिरकाव झाला होता. २०२१ मध्ये एअर इंडियानं जाहीर केलं की त्यांच्या प्रवासी यंत्रणेतून सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती बाहेर गेली. त्यात नावं, पासपोर्ट आणि सभासद क्रमांकाचा तपशील होता, पासवर्ड नव्हते. पण एवढ्या माहितीवर खोटा ई-मेल धाडून पासवर्ड काढून घेणं अवघड राहत नाही.

चोरीच्या खात्यातून तुमचं तिकीट निघालं तर त्याचं आयुष्य मूळ मालकानं खातं उघडेपर्यंतच. त्यानं तक्रार केली की कंपनी माइल्स परत करते आणि तिकीट मारते. दलाल म्हणूनच प्रवासाच्या अगदी तोंडावर, दोन-तीन दिवस आधी तिकीट काढून देणं पसंत करतो. ‘जागा उशिरा सुटतात’ हे त्याचं कारण काही वेळा खरंही असतं, त्यामुळे माणूस संशय घेत नाही. जाण्याचा टप्पा निर्विघ्न पार पडतो आणि परतीचा मरतो, हेही यातूनच होतं. तीन महिन्यांनी परत यायचं असेल तर त्या तीन महिन्यांत मालक खातं बघणारच. मग शिकागोहून एका बाजूचं तिकीट ऐनवेळी पूर्ण दरात काढावं लागतं, आणि वाचलेल्या पैशांतले बरेचसे तिथंच जातात.

करांची रक्कम भरायला वापरलेलं कार्ड चोरीचं असणं, हा याचाच सख्खा भाऊ. काही विमान कंपन्या चेक-इनला पैसे भरलेलं कार्ड दाखवायला सांगतात. अनोळखी माणसाचं कार्ड तुम्ही कुठून दाखवणार? चोरीच्या कार्डांवरच्या तिकिटांविरुद्ध युरोपोल ही युरोपीय संघाची पोलीस संस्था विमान कंपन्यांना बरोबर घेऊन विमानतळांवर मोहिमा चालवते, त्यात काउंटरवरच प्रवाशाची चौकशी होते. तुम्ही निर्दोष असाल, पण परक्या देशात, इंग्रजीत, पोलिसांसमोर ते सिद्ध करत बसायची वेळ साठीच्या आईवडिलांवर आणू नये.

चोरी नसतानाही तिकीट मरतं. एकाच खात्यातून थोड्या दिवसांत पाटील, शेख, रेड्डी, कुलकर्णी अशी एकमेकांशी नातं नसलेली आडनावं निघाली की कंपनीची तपासणी यंत्रणा ते खातं वेगळं काढते. मग चेक-इनला प्रश्न येतो: ‘हे तिकीट कुणी काढून दिलं? ते तुमचे कोण?’ खातेदाराचं नाव सांगता आलं नाही की प्रकरण तिथंच थांबतं. जायचंच असेल तर त्या दिवशीच्या दरानं नवं तिकीट घ्या, असं सांगितलं जातं. कोल्हापूरहून मुंबई विमानतळ सुमारे पावणेचारशे किलोमीटर. गाडी करून, सात-आठ तास प्रवास करून, मध्यरात्रीच्या विमानासाठी पोचल्यावर हे ऐकायचं म्हणजे काय, याचा विचार किंमत ठरवतानाच करायला हवा. गाडीभाडं, रात्रीचं हॉटेल, परतीची गाडी, हा सगळा त्या ७४,००० मधूनच वजा होतो.

वेळापत्रक बदलणं ही तर रोजची बाब आहे, त्यात कुणाचा गुन्हा नाही. सहा महिने आधी काढलेल्या तिकिटात एखादं विमान दोन तास मागेपुढे होणं, जोडविमान सुटेल इतकी वेळ बदलणं नेहमीच घडतं. भाड्याचं तिकीट असेल तर एजंट पुढच्या विमानात बसवून घेतो. माइल्सच्या तिकिटात नवी जागा शोधायचा अधिकार खातेदाराचा. प्रवास रद्द झाला तर माइल्स त्याच्या खात्यात परत जातात, कर त्याच्या कार्डावर. तुम्ही दलालाला दिलेले पैसे या हिशेबात कुठंच नोंदलेले नाहीत. खातेदाराला ते माइल्स पुन्हा विकताही येतात, म्हणजे तुमचा प्रवास रद्द झाला की त्याचा फायदा होतो. असा व्यवहार रचनेतच वाकडा आहे.

युरोपच्या प्रवाशांना भरपाईबद्दलही सांगायला हवं. विमान रद्द झालं किंवा फार उशीर झाला तर भरपाई देणारा युरोपीय संघाचा २६१ क्रमांकाचा नियम माइल्सच्या तिकिटांनाही लागू होतो, तसं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. दलाल याचा दाखला देतात. पण ते संरक्षण रीतसर काढलेल्या अॅवॉर्ड तिकिटाला. विकलेलं म्हणून कंपनीनं रद्द केलेल्या तिकिटावर भरपाई मागायला गेलात तर आधी ते तिकीट तुमचं कसं, हाच वाद सुरू होतो.

नावाचा घोळ आपल्याकडे जास्त होतो. मराठी पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. जुन्या पासपोर्टवर कधी आडनावाची जागा रिकामी, कधी लग्नाआधीचं नाव. दलाल फोटोवरून घाईत टाइप करतो, नवऱ्याचं नाव गळतं किंवा आडनावात जाऊन बसतं. भाड्याच्या तिकिटात अशी चूक बहुतेक वेळा दुरुस्त होते. भागीदार कंपनीच्या माइल्सवर काढलेल्या तिकिटात दुरुस्ती म्हणजे बरेचदा तिकीट रद्द करून नव्यानं काढणं, आणि तेवढ्यात ती अॅवॉर्ड जागा दुसऱ्यानं उचललेली असते.

ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिका, जर्मनीला निघणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक नुकसान आहे, ते कुणी सांगत नाही. विद्यार्थी म्हणून काढलेल्या भाड्याच्या तिकिटावर अनेक कंपन्या जादा बॅग आणि तारीख बदलण्याची सवलत देतात. माइल्सच्या तिकिटावर ती मिळत नाही. दोन वर्षांच्या मुक्कामाला प्रेशर कुकर, मसाले, गरम कपडे आणि पुस्तकं घेऊन निघालेल्या पोराला एका जास्तीच्या २३ किलोच्या बॅगेची किंमत विमानतळावर कळते. सवलतीचा फरक मोजताना ती धरा. या तिकिटावर नवे माइल्सही जमत नाहीत.

दोन तुकड्यांत जोडलेलं तिकीट तर घेऊच नका. स्वस्त पडावं म्हणून दलाल मुंबई–लंडन एका खात्यातून आणि लंडन–शिकागो दुसऱ्यातून काढतो. दोन वेगळी तिकिटं म्हणजे सामान थेट शेवटपर्यंत जाईल याची खात्री नाही. ते मधल्या विमानतळावर घेऊन पुन्हा द्यायचं तर इमिग्रेशन पार करावं लागतं आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागतो. तो नसेल तर मुंबईतच बसू देत नाहीत. पहिलं विमान लेट झालं आणि दुसरं सुटलं तर दुसऱ्या कंपनीची जबाबदारी शून्य. उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळावरून बेंगळुरू किंवा हैदराबादला जाऊन पुढचं विमान पकडणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. तो टप्पा वेगळ्या पीएनआरवर असेल तर मधे चार-पाच तास तरी ठेवा, शक्य असेल तर आदल्या दिवशी पोचा.

पैसे आणि कागद

दलाल रोख मागतो किंवा कुठल्यातरी तिसऱ्याच नावाच्या खात्यावर यूपीआय मागतो. बिल देत नाही, कारण देऊच शकत नाही: विकायला बंदी असलेल्या वस्तूचं जीएसटी बिल कोण फाडणार? एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, हेही दोन माणसांच्या तिकिटाच्या वेळी आडवं येतं. बिल नसल्याचा त्रास पुढेही होतो. प्रवास विम्यातून रद्द झालेल्या प्रवासाचे पैसे मागायचे तर भाडं भरल्याचा पुरावा लागतो. तुमच्या कागदावर भाडं शून्य आहे.

रीतसर एजंट ओळखायला फार कष्ट नाहीत. आयाटा, म्हणजे विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, हिची मान्यता असलेल्या एजंटाचा आठ आकडी कोड असतो. तो विचारा आणि आयाटाच्या साइटवरच्या ‘चेक अ कोड’ सेवेत पडताळा. मान्यता नसलेले लहान एजंटही प्रामाणिक असतात, ते मोठ्या एजंटाकडून तिकीट घेऊन देतात. त्यांच्याकडे फर्मच्या नावावर पैसे घेणं, जीएसटी बिल आणि तिकिटावर खरं भाडं या तीन गोष्टी असाव्यात. आणि एक प्रश्न सरळ विचारावा: ‘हे भाड्याचं तिकीट आहे की माइल्सचं? मला लेखी द्या.’ कोल्हापुरात वर्षानुवर्षं दुकान चालवणारा माणूस याचं उत्तर व्हॉट्सअॅपवर लगेच देतो. ‘तुम्हाला काय करायचंय, सीट मिळतेय ना’ असं उत्तर आलं तर उठून यावं.

तिकीट आधीच घेतलं असेल तर

घाबरून दलालाशी भांडण काढू नका, त्याच्या हातात अजून रद्द करायचं बटण आहे. आधी सगळा पुरावा गोळा करा: चॅटचे स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, ज्या खात्यावर पैसे गेले त्याचं नाव, आलेली पीडीएफ, १३ आकडी क्रमांक. मग कंपनीच्या साइटवर तिकीट बघा आणि कूपनची स्थिती विचारा. स्थिती ‘ओपन’ असली तरी तुम्हाला आता दोनच वाटा आहेत. एक, प्रवासाला अजून महिना-दोन महिने असतील तर पैसे परत मागा आणि भाड्याचं तिकीट काढा. दोन, दिवस थोडे असतील तर पूर्ण रक्कम परत मिळेल असं दुसरं भाड्याचं तिकीट पाठीशी ठेवा. अशा रिफंडेबल तिकिटाचा दर जास्त असतो, पण न वापरता वेळेत रद्द केलं तर नियमातली कपात सोडून पैसे परत येतात. काढण्याआधी ती कपात किती आणि कोणत्या वेळेपर्यंत रद्द करायचं, हे भाड्याच्या नियमात वाचून घ्या. दोन्ही तिकिटं एकाच कंपनीची, एकाच विमानाची असू देऊ नका, दुहेरी बुकिंग म्हणून कंपनी एक रद्द करू शकते. काउंटरवर खोटं बोलू नका. चुलतभाऊ वगैरे सांगितलंत आणि ते उघडं पडलं तर फसलेला प्रवासी ही तुमची बाजूच तुम्ही घालवता.

पैसे घेऊन तिकीटच दिलं नाही, किंवा दिलेलं तिकीट मेलं, तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकायच्या आत गोठवता येतात, म्हणून इथं एकेक तास मोलाचा आहे. यूपीआयवर पैसे तुम्ही स्वतः पाठवलेले असल्यानं ‘माझ्या परवानगीविना गेले’ हा दावा बँकेकडे चालत नाही. क्रेडिट कार्डानं भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेल्या पैशांचा परतावा, मागता येतो, आणि दलाल कार्ड का घेत नाही याचं उत्तरही तेच. विकणारा फर्मच्या नावानं व्यवहार करत असेल तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथं तक्रार दाखल होते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलून घेतलं तर कागद कसे जोडायचे ते समजतं. विमान कंपनीविरुद्ध मात्र फारसा उपयोग होत नाही, तिनं तुमच्याकडून पैसे घेतलेलेच नाहीत.

माइल्सच वापरायचे असतील तर

माइल्समध्ये वाईट काही नाही. उलट घरातल्या घरात वापरले तर याहून स्वस्त सोय नाही, आणि इथं आम्ही मनापासून पाच तारे देऊ. पुण्यात किंवा परदेशात नोकरी करणाऱ्या मुलाकडे क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स पडून असतात आणि तो ते मिक्सर-इस्त्रीवर घालवतो. ते विमान कंपनीच्या योजनेत वळवता येतात का, कोणत्या प्रमाणात, हे कार्डाच्या अॅपमध्ये दिसतं. वळवण्याआधी जागा आहे का ते बघा, कारण वळवलेले पॉइंट्स परत येत नाहीत. प्रत्येक योजनेचा दुसऱ्याचं तिकीट काढण्याचा नियम वेगळा आहे. क्रिसफ्लायरमध्ये आधी पाच जणांपर्यंत नॉमिनी नोंदवावे लागतात आणि त्यांच्याच नावानं तिकीट निघतं, म्हणून आईवडील, सासूसासरे यांची नावं आजच घालून ठेवलेली बरी. युनायटेडमध्ये कुणाच्याही नावानं काढता येतं. क्रिसफ्लायरचे माइल्स ३६ महिन्यांनी संपतात, युनायटेडचे संपत नाहीत. कमी पडणारे थोडे माइल्स विमान कंपनीकडूनच विकत घेणं नियमात बसतं. दलालाकडून एकसुद्धा घेणं बसत नाही.

अॅवॉर्ड जागा बऱ्याच कंपन्यांत सुमारे ११ महिने आधी खुल्या होतात. दिवाळीला यायचं किंवा मे महिन्यात बाळंतपणाला जायचं असेल तर आदल्या वर्षीच बघायला बसावं. मुलानं तिकीट काढताना नाव पासपोर्ट समोर ठेवून, जसंच्या तसं घालावं. संपर्काच्या रकान्यात स्वतःबरोबर आईवडिलांचा कोल्हापुरातला मोबाइलही टाकावा, आणि निघायच्या दिवशी सकाळी, गाडी बोलावण्याआधी, १३ आकडी क्रमांकावर सगळे टप्पे ‘ओपन’ दिसतात ना ते एकदा बघून घ्यावं.